पावणेसहाची मुलं

"वकील आला का गं?" आत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"येतायत भाऊजी," वहिनी म्हणाली. "त्यांना कोर्टातसुद्धा वेळेवर पोचायची सवय नाही, भावाकडे कुठून पोचणार?"

आत्या हसली. शहाऐंशीव्या वर्षीही तिचं हसू तसंच होतं. आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत ती ताठ बसली होती. चौतीस वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला टेकून बसणं कधी जमलंच नाही. पाठीला दिलेली उशी तिने मांडीवर घेतली होती आणि तिची उसवलेली शिवण बोटाने चाचपत होती.

ठरवायचं एवढंच होतं, की उद्या सकाळी अकरा वाजता आत्याने समितीपुढे काय बोलायचं. आणि मुळात बोलायचं की नाही.

तुरुंगातल्या गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासाठी ही समिती नियम ठरवत होती. बेड्या घालून बाळंतपण करायचं नाही. कळा सुरू झाल्या की तासाभरात इस्पितळात न्यायचं. बाळंतिणीला वेगळा आहार, स्वच्छ खाट, हाकेच्या अंतरावर नर्स. आणि मूल जन्मल्या क्षणापासून त्याला माणूस म्हणून मोजायचं. हा शेवटचा नियम छकीने लिहिला होता. छकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. वय अठ्ठावन्न, बायकांची डॉक्टर, समितीची सभासद. बाहेर लोक तिला मॅडम म्हणत. घरात ती छकीच होती आणि मरेपर्यंत छकीच राहणार होती.

"मी उद्या एकही प्रश्न विचारणार नाहीये," ती दादाला सांगत होती. "आत्या माझी सख्खी आत्या आहे, हे मी अध्यक्षांना आधीच सांगितलंय. मी फक्त बसणार."

"मग आज कशाला आलीस?"

"आज मी पुतणी म्हणून आलेय. चहा तरी देणार ना?"

दादा सगळ्यांत थोरला. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेला हा माणूस. वर्गातल्या साठ पोरांवर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. राग आला की तो जास्तच हळू बोलायचा. आज तो इतका हळू बोलत होता की वहिनीला स्वयंपाकघरातून कान द्यावा लागत होता.

अडचण होती ती एका रजिस्टराची. अण्णा, म्हणजे या भावंडांचे वडील आणि आत्याचे मोठे भाऊ, जेलर होते. त्यांच्या हाताखाली आत्याने बायकांच्या बराकीतल्या बाळंतपणांचं रजिस्टर ठेवलं होतं. सतरा वर्षांत एकतीस बाळंतपणं. एकाही वेळी डॉक्टर नाही, एकाही बाईला इस्पितळ नाही. नियम का हवेत, याचा लेखी पुरावा समितीकडे तेवढाच होता. आणि गेल्या आठवड्यात तुरुंग खात्याच्या अधिकाऱ्याने नेमकं त्यावर बोट ठेवलं. एकतीसच्या एकतीस मुलं संध्याकाळी पावणेसहा वाजता जन्मलेली होती.

"रजिस्टरच बनावट आहे म्हणतोय तो," छकी म्हणाली. "आणि त्याचं काय चुकलं? बाळं काही गाडीच्या वेळापत्रकाने येत नाहीत."

"प्रत्येक पानावर अण्णांची सही आहे," दादा म्हणाला.

"म्हणूनच तर आत्याने सांगायला हवं!"

"म्हणूनच तर तिने सांगायला नको."

बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. वहिनीने चहाचा ट्रे मधोमध ठेवला. "घंटा झाली," ती म्हणाली. "आता प्या."

ते तिघंही नकळत हसले. या घरात ही जुनी थट्टा होती.

वहिनी लग्न होऊन आली ती तुरुंगाच्या वसाहतीत. उंच भिंतीबाहेर एका रांगेत अकरा घरं. त्यातलं टोकाचं जेलरचं. पहिल्याच पहाटे घंटा झाली तेव्हा आग लागली समजून ती अनवाणी अंगणात धावली होती. पुढे त्या घंटेशिवाय झोप लागेनाशी झाली. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर दिवे लावायचे. नळाला पाणी बायकांच्या बराकीचे कपडे धुऊन झाल्यावर यायचं, म्हणून तिकडून साबणाचा वास आला की इकडे बादल्या लागायच्या. दुपारी भिंतीपलीकडून शिलाई मशिनांची खडखड आणि मध्येच एखादं बाळ रडायचं. मग मशिनं थांबायची. सगळी एकदम. बाळ गप्प झालं की पुन्हा सुरू व्हायची. वहिनीला त्या काळातलं बरंच काही विसरायला झालं होतं, पण मशिनं थांबल्यावर होणारी ती शांतता नाही. तिचा स्वतःचा मुलगा लहान असताना ती त्या शांततेत श्वास रोखून उभी राहायची, जणू पलीकडच्या बाईला मदत करतेय.

"तुम्ही शिकवायला जायचात आठवतंय ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "दर रविवारी. खडू खिशात घालून."

दादाचा चेहरा जरा सैल झाला. "फरशीवर लिहायचो. तीन-तीन, चार-चार वर्षांची पोरं. पाच वर्षांची झाली की बाहेर पाठवायचे. त्याआधी निदान स्वतःचं नाव लिहिता यावं असं वाटायचं. एक पोरगी होती, तिला झाड काढ म्हटलं तर यायचं नाही. झाड पाहिलंच नव्हतं तिने. मग मी भिंतीवर चढून एक फांदी..."

"आणि अण्णांनी दम भरला!" आत्या म्हणाली. "भिंतीवर चढला म्हणून!"

"दम नाही. शिडी आणून दिली. म्हणाले, सरकारी भिंतीवर सरकारी शिडीनेच चढायचं."

बाहेर दार वाजलं. वकील आला, घामाघूम, काखेत जाड फाईल. तो मधला. आल्या आल्या त्याने आत्याच्या पायाशी बसकण मारली. "आत्या, एक वाक्य पाठ कर. दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं. पावणेसहावर. संपलं."

"सतरा वर्षं?" वहिनी म्हणाली.

"सरकारी घड्याळ आहे वहिनी. सतरा वर्षं कमीच झाली."

"भाऊजी, अशाने तुमचे अशील सुटतात तरी कसे हो?"

"सुटत नाहीत, म्हणून तर पुन्हा येतात," वकील म्हणाला.

"ती खोटं बोलणार नाही," दादा म्हणाला. "आणि खरंही बोलणार नाही. वय झालंय, तब्येत बरी नाही, असं कळवायचं. तू अर्ज लिही."

"हे पटतंय मला," वकील म्हणाला. एका क्षणात दोन्ही भाऊ एका बाजूला झाले. छकीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नवऱ्याकडे, मग छकीकडे पाहून चहाचा कप उचलला. म्हणजे ती अजून ठरवत होती.

आत्याने उशी खाली ठेवली.

"माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि ऐका आता. मी बोलेन तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही."

ती बोलू लागली आणि बोलता बोलता तिला ती बराक दिसू लागली, चुन्याचा वास आला. दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, मोजणी व्हायची. अण्णा स्वतः मोजायचे, एकेका माणसापुढे थांबून. तो आकडा चिठ्ठीवर लिहून कोठाराकडे आणि स्वयंपाकघराकडे जायचा. जितका आकडा, तितकं दूध, तितक्या घोंगड्या, तितकं गरम पाणी. सहानंतर जो जन्मला तो दुसऱ्या दिवशी सहापर्यंत कुठल्याच आकड्यात नाही. आणि त्याची आई कागदोपत्री अजून बाळंतीणच झालेली नाही. तिला दवाखान्यातली खाट नाही, दूध नाही. नर्सला तिच्यापाशी थांबायची परवानगीही नाही. सातला फाटकाबाहेर पडावंच लागायचं.

"म्हणून मी पावणेसहा लिहायचे," आत्या म्हणाली. "सहाच्या आत जन्मलं असं झालं की त्याच दिवसाच्या मोजणीत धरावं लागायचं. 'मोजणीत एक राहिलं' अशी चिठ्ठी मी अण्णांकडे पाठवायचे. अर्ध्या तासात दूध यायचं. रात्रीतून, पहाटे किंवा दिवसा जन्मलं तरी आदल्या संध्याकाळचे पावणेसहा. कितीतरी जणांचे वाढदिवसच मी एक दिवस आधी ढकललेत. ती कुठे असतील, चुकीच्या दिवशी गोड खात असतील."

छकी हसली आणि तिचे डोळे भरले. "आत्या, हेच सांग उद्या. अगदी असंच. खात्याचा माणूस तोंडात बोट घालेल."

"एवढंच सांगून चालायचं नाही. तो विचारेल, हे तुम्हाला सुचलं कधी? पावणेसहा सांगायचं तर साडेसहा सांगावं लागेल."

"साडेसहा काय?"

दादा उठून खिडकीशी गेला.

"एक बाळ साडेसहाला झालं," आत्या म्हणाली. "माझं नोकरीतलं पहिलं वर्ष. सातव्या महिन्यातलं, ओंजळीत मावेल एवढं. आईला ताप, अंगावर जातंय. मी धावत अण्णांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, गाडी द्या, नाहीतर निदान मला रात्रभर थांबू द्या, कोठार उघडा. अण्णा म्हणाले, 'मोजणी गेली. आता उद्या.' मी माझी शाल त्या बाळाभोवती गुंडाळली आणि सातला बाहेर पडले. बाहेर पडले मी, कळलं का? पडायचं नव्हतं. आई जगली. बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. आदल्या दिवशीची मोजणी बासष्ट, त्या दिवशीची बासष्ट. कागदाला कळलंच नाही की मध्ये कुणी येऊन गेलं. त्यानंतर मी रजिस्टर घातलं."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

छकीला अण्णा आठवत होते ते म्हातारपणचे, तिच्या वैद्यकीच्या पुस्तकांना स्वच्छ कव्हरं घालून देणारे. पहिलं बाळंतपण तिने एकटीने केलं त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, किती वाजता झालं? आणि तिने वेळ सांगितल्यावर कितीतरी वेळ मान डोलावत राहिले होते. तिला वाटलं होतं, हा त्यांचा अभिमान. तेव्हा ते काय मोजत होते?

"आत्या," ती म्हणाली, "तू नको जाऊस उद्या."

वकील चमकला. "आता तूसुद्धा?"

"मला नियम हवाय. पण अण्णा तिथे, त्या टेबलावर, सगळ्यांसमोर... उद्या वर्तमानपत्रात येईल. 'जेलरने बाळ मारलं.' मीच समितीत बसून तो अहवाल लिहायचा?"

"म्हणजे दुसऱ्या कुणाचे वडील असते तर चाललं असतं," वहिनी म्हणाली. आवाज मऊ होता, पण ती आता ठरवून बोलत होती. "वन्सं, रागावू नका. मी या घरात बाहेरून आलेय, म्हणून मला दिसतं. तुम्ही सगळे अण्णांना जपताय. त्या बाईला कोण जपणार? मशिनं थांबायची ना, ती त्या बायका थांबवायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी कागदावर काही तरी येऊ द्या की."

"दादा, तू काहीतरी बोल," छकी म्हणाली.

दादा खिडकीकडे तोंड करूनच बोलला. "मला माहीत होतं."

"काय?"

"मी ऑफिसात होतो. रोज संध्याकाळी अण्णा माझे पाढे घ्यायचे. एकोणतीसचा चालू होता. आत्या आली, बोलली, गेली. अण्णा मला म्हणाले, पुढे म्हण. मी पुढे म्हटलं." तो थांबला. "चुकलो नाही एकदाही. आजही येतो मला एकोणतीसचा पाढा. वर्गात कधी घेतला नाही मी तो. मुलांना म्हणायचो, पंचवीसपर्यंत पुरे."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "तू तिथे होतास? मी पाहिलंच नाही तुला."

"तू कुणाकडेच पाहत नव्हतीस."

वकिलाने फाईल उघडली होती, मिटली होती, पुन्हा उघडली होती. "हे मी दाखवणार नव्हतो," तो म्हणाला. "खात्याकडून अण्णांच्या नोकरीची पत्रकं काढली. उद्या ते काय वापरतील ते आधी कळावं म्हणून. दादा, आपण काय समजत होतो? अण्णांना बढती का मिळाली नाही?"

"वरच्यांशी पटत नव्हतं म्हणून."

"वरच्यांनी शेरा मारलाय. वाच."

दादाने चष्मा लावला आणि वाचलं. सवयीने मोठ्याने, शब्द तोडून. "'मोजणीच्या कामी वारंवार निष्काळजीपणा. सतरा वर्षांत एकतीस वेळा मोजणी चुकल्याची लेखी कबुली.'"

"ही कसली कबुली?" आत्याने विचारलं.

"तुझी चिठ्ठी आली की मोजणी दुरुस्त करावी लागायची. दुरुस्तीला कारण लागतं. अण्णांनी दर वेळी एकच कारण लिहिलंय. 'मोजताना माझी चूक झाली.' कोठावळ्यावर नाही ढकललं, तुझ्यावर नाही ढकललं. एकतीस वेळा."

जिच्या हातून एवढी मुलं जगात आली तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. "मला वाटायचं, मी त्यांना फसवतेय," ती शेवटी म्हणाली. "सतरा वर्षं मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले आणि मनात म्हणायचे, फसवलं की नाही तुम्हाला. एकदा चिठ्ठी द्यायला स्वतः गेले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सात वाजत आले होते. म्हणाले, 'पावणेसहाला काय?' मी म्हटलं, हो. म्हणाले, 'बाळ-बाळंतीण बरी?' बस. मी आपली खूश, की कळलं नाही म्हाताऱ्याला."

"अण्णांची मोजणी आयुष्यात चुकली नाही," दादा म्हणाला. "घरात चमचा कमी असला तरी झोपायचे नाहीत."

"मग आता?" वकिलाने विचारलं. "हे सांगायचं तर तेही सांगावं लागेल. अर्धं सांगता येणार नाही."

"अर्धं सांगायचंच नाहीये," आत्या म्हणाली. "मी ठरवलंय. तुम्ही ठरवा, मला सोडायला कोण येणार. नाहीतर रिक्षाने जाईन."

"मी येते," वहिनी म्हणाली.

दादाने पत्रक घडी घालून वकिलाला परत दिलं. "मी नाही येणार," तो म्हणाला. "तू सांग, आत्या. तुला अडवत नाही. पण मला ते ऐकवणार नाही."

*

तरी तो आला. सकाळी वहिनी चपला घालत असताना तो दाराशी तयार उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, शाळा तपासायला साहेब यायचे त्या दिवसासारखा. त्याच्या कॉलरवरचा दोरा तेवढा तिने काढला.

समितीची खोली मोठी होती आणि अंधारी. लांब टेबल, पाण्याचे तांबे, कोपऱ्यात टंकलेखक बाई. टेबलापलीकडे सात जण. छकी टोकाला, तिच्यापुढे कोरा कागद. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. दादा, वहिनी आणि फाईल घेऊन आलेला वकील मागच्या बाकावर बसले. आत्याला खुर्ची दिली होती. ती टेकली नाही.

तिने सगळं सांगितलं. मोजणी, चिठ्ठी, पावणेसहा. लोक एक-दोनदा हसले, चांगलं हसले. मग तिने साडेसहाचं सांगितलं आणि टंकलेखनाच्या आवाजाखेरीज खोलीत काही राहिलं नाही.

खात्याचा अधिकारी उठला. तरुण होता, उद्धट नव्हता. "बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. या पहिल्या मुलाची नोंद कुठे आहे?"

"नाही."

"मोजणीत?"

"नाही."

"दफ्तरात, दवाखान्यात, कुठे?"

"कुठेच नाही. तेच तर सांगतेय."

"पण मग तुमची एकतीस नोंदी खोट्या करण्याची सगळी सबब ज्या मुलावर उभी आहे ते मूल होतं, हे समितीने कशावरून धरायचं? तुमच्याशिवाय कुणी साक्षीदार आहे?"

आत्या तशीच ताठ बसून होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. छकी समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होती, आणि तिची मान इतकी खाली गेली होती की दादाला ती सहा वर्षांची दिसली.

तो उभा राहिला. बाक करकरला.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"जेलरांचा मोठा मुलगा. शिक्षक होतो." मुलांना तो सांगायचा, बोलताना शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघावं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. त्याने पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "त्या संध्याकाळी मी ऑफिसात होतो. दहा वर्षांचा होतो. माझी आत्या गाडी मागायला आली, तेव्हा मागून रडण्याचा आवाज येत होता. बारीक. ती बोलायची थांबली की ऐकू यायचा. ते मूल होतं."

"आणि जेलर काय म्हणाले?"

"'मोजणी गेली. आता उद्या.'" तो म्हणाला. खणखणीत, जसं फळ्यावर वाक्य लिहून वाचून दाखवावं तसं. "माझे वडील असं म्हणाले. नंतर एकतीस वेळा त्यांनी स्वतःची चूक लिहून दिली, ते कागद आणलेत. पण आधी हे लिहून घ्या."

टंकलेखक बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मशिनावर ती दोन वाक्यं उमटली, आणि नवी ओळ घेताना बाईंचा हात थांबला.

"मुलगा की मुलगी, काय लिहू?"

दादाने तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपल्याला हे माहीत नाही. एवढ्या वर्षांत त्याने ते कधी विचारलंच नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं, कालसुद्धा नाही. त्याने आत्याकडे पाहिलं.

"मुलगी," आत्या म्हणाली. "डोक्यावर केस होते. पुष्कळ."